एक जुलैची लढाई

केळझरच्या गणपतीसमोर चिठ्ठ्या विकणाऱ्या एका माणसाने मला फसवले.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तुम्ही जन्मतारीख सांगायची आणि त्या तारखेला जगात काय घडले ते तो जांभळ्या शाईने लिहून द्यायचा. एक लढाई, एक सामना. तारीख ऐकली की डावा डोळा मिटायचा, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायचा आणि स्वतः तिथे हजर असल्याच्या थाटात लिहू लागायचा.

मी एक जुलै सांगितली आणि पाच रुपयांची चिठ्ठी दोनात पाडून घेतली. मला मिळाला एक हरलेला राजा आणि शून्यावर बाद झालेला फलंदाज. मागच्या माणसाची तारीखही एक जुलैच. त्याने पाच रुपये मोजले, तर त्याला किल्ला सर झालेला आणि शतक ठोकलेले!

मी कॉलर धरली. "काऊन रे, लोकाइले फसवून राह्यला?"

त्याने शांतपणे पेनाला टोपण लावले. "भाऊ, दोन रुपयांत जिंकलेली लढाई परवडत नाई. आन् तुमची एक जुलै तरी खरी हाये काय? शाळेतल्या गुरुजीनंच टाकली असन. त्याची कॉलर धरली का कधी?"

रांगेतले सगळे हसले. त्यांतले निम्मे एक जुलैचेच होते.

मी कॉलर सोडली. आई सांगायची, तू कापूस वेचणीच्या दिवसांत झालास. जुलैत कापूस वेचायला असतो कुठे?

अल्लीपूरच्या शाळेतले गुरुजी, अख्खा वर्ग तुम्ही एकाच दिवशी जन्माला घातला. स्वतःची तारीख मात्र नीट लिहिली असेल. माझा दिवस कुठे टाकलात, जबाब द्या.