पारनेरकडची काळी गाडी

हुकलेल्या गाड्यांच्या गोष्टी मी हौसेने सांगत आलो आहे. पारनेर तालुक्यातल्या काळ्या गाडीचा विषय निघाला की मात्र "ती दुसऱ्याने नेली" एवढंच म्हणून गप्प बसायचो. नेली होती दुसऱ्यानेच, पण सगळं तेवढंच नव्हतं. आता पंचाहत्तरी उलटली आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही, मुलं जवळ आहेत, सकाळचा चहा गॅलरीत मिळतो. तेव्हा एकदा लिहून टाकतो.

नगरला माझं गॅरेज होतं आणि जुन्या विलायती गाड्यांचा मला नाद होता. नाद बघण्याचा, घेतली एकही नाही. राहात्याला पेरूच्या बागेत एक उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. मालक म्हणाला, "तिची पिल्लं निघू द्या, मग न्या." महिन्याने गेलो, तर गाडी शिर्डी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या दारात, फुलांच्या माळा घालून उभी. कर्जतची दोन भावांच्या वाटणीत अडकली. एकाने चाकं काढून नेली, दुसऱ्याने किल्ली दिली नाही. मी दोघांकडे चहा पिऊन परत आलो. बायको म्हणायची, "तुमच्या नशिबी गाडी न्हाई, गाडीची गोष्ट हाय." आम्ही दोघंही हसायचो.

पारनेरकडून बोलावणं आलं ते एका मावशींचं. त्यांचे यजमान एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी गाव सोडताना आपली गाडी त्यांनाच देऊन टाकली. यजमान गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांखाली गेली.

"मिस्तरी, येवढंच सांगा, चालायजोगी हाय का," मावशी म्हणाल्या. "आसंल तर दुरुस्त करू. नातीचं लगीन हाय माघात. तिला ह्या गाडीतून सासरी धाडायची, आशी ह्यांची लई विच्छा हुती. नसंल तर मोकळं बोला, कांद्याला जागा हुईल."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी गोण्या सरकवल्या, प्लग काढले, थोडं ऑइल सोडलं आणि पुढून हँडल घालून फिरवलं. इंजिन मोकळं फिरलं. खाली पत्राही फारसा गंजलेला नव्हता. दोन महिन्यांत गाडी रस्त्यावर आली असती. ही गाडी मला हवी होती.

मावशी चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "इंजिन धरलंय, मावशी, पार जाम झालंय. काही राहिलं नाही तिच्यात."

आमच्याकडे बैलबाजारात गिऱ्हाईक आधी जनावराची खोड काढतं. मालक त्याला उलटून बोलतो, मग सौद्याला सुरुवात होते. वडिलांबरोबर फिरताना मी हेच शिकलो होतो. मावशी आता म्हणतील, 'काय बोलता, सोन्यासारखी गाडी हाय,' आणि मी म्हणेन, 'बरं, मग मलाच द्या.' मावशी फक्त "बरं" म्हणाल्या. त्यांनी गिऱ्हाईक बोलावलं नव्हतं. मिस्तरी बोलावला होता आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

तरीही वेळ गेलेली नव्हती. तिथंच इसार हातावर ठेवता आला असता. पण पितृपंधरवडा चालू होता आणि त्या दिवसांत आमच्या घरात नवी वस्तू घेत नाहीत, इसारही देत नाहीत. मनात म्हटलं, घटस्थापना झाली की येऊ. बंद गाडी कोण नेतंय?

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. शेडमध्ये छतापर्यंत कांदा होता.

"भंगारवाला आलता," मावशी म्हणाल्या. "गॅसनं कापून टेम्पोत घालून नेली. मी आतच बसले, बघवंना. पर तुमी खरं सांगितलं म्हणून जीव सुटला. न्हाईतर मी आजून आशेवर बसले आस्ते."

मी पेढे पुढे केले. कसले, हे त्यांनी विचारलं नाही. उलट मी मागच्या वेळी तपासणीचे पैसे घेतले नव्हते म्हणून शेंगांची पिशवी दिली. मी ती घेतली. बायकोने त्या भाजल्या. चांगल्या होत्या.

माघात लग्नाची पत्रिका आली. मी गेलो. नात भाड्याच्या जीपमधून सासरी गेली, हसत गेली. जेवण झकास होतं. मावशी पंक्तीतून फिरत होत्या. मला वाटलं होतं, गर्दी ओसरली की बाजूला घेऊन बोलू. गर्दी ओसरली आणि मी एसटी गाठली.

पुढे काही वर्षांनी त्या पारनेरच्या बाजारात भेटल्या. बरोबर लेक होती. माझा दंड धरून तिला म्हणाल्या, "हे नगरचे मिस्तरी. तुझ्या बापाच्या गाडीचं तोंडावर खरं सांगितलं बघ ह्यांनी. आशी मानसं ऱ्हायली न्हाईत."

लेकीने वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, "मावशी, एक सांगायचं होतं."

"बोला की."

त्या माझ्याकडे बघत होत्या. लेकही बघत होती.

"औंदा कांदा कसाय?" मी विचारलं.

मावशी कांद्याबद्दल बराच वेळ बोलल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.