अकरावी चूल

पुरात घरं वाहून गेलेली अकरा कुटुंबं आमच्या गल्लीच्या टोकाला, मशिदीच्या जमातीने बांधलेल्या शादीखान्यात चार महिने राहिली. त्यांतल्या एका बाईला तिच्या स्वतःच्या नावावर घराची जागा मिळावी म्हणून मी जी धडपड केली, तिची ही हकिगत. कुणी चांगुलपणाची म्हणून वाचू नये. मी स्वभावाने चांगली नाही, चिवट आहे.

सगळी नोकरी मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. आमच्या घरात आधीच्या पिढ्यांनी पौरोहित्य केलं, नंतरच्यांनी कारकुनी. माझ्या वाट्याला कारकुनी आली आणि ती माझ्या अंगात इतकी मुरली, की दुधाचे खाडेसुद्धा मी समासाची रेघ मारून लिहिते. निवृत्त झाल्यावर या तालुक्याच्या गावी एकटीच राहते. शादीखान्याची मागची भिंत माझ्या परसाला लागून आहे.

ती माणसं खर्ड्याच्या बाजूला एका ओढ्याकाठी राहायची, दगड फोडायची, क्रशरवर कामाला जायची. भाद्रपदात एका पहाटे ओढ्याने पात्र सोडलं आणि सगळी वस्ती धुऊन नेली. माणसं तेवढी वाचली. जमातीच्या ट्रस्टने दोन टेम्पो पाठवून त्यांना शादीखान्यात आणलं. त्यांत मुसलमान घरं दोनच, बाकी सगळी हिंदू. पण कोण कोण आहेत हे तिथे कुणी विचारलंच नाही. विचारायचं नाही, हाच ट्रस्टचा नियम होता.

ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष पूर्वी सीटकव्हर शिवायचे, हज करून आल्यापासून सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणतात. रोज दुपारी दोन डेगा चुलाणावर चढत, एकीत भात, एकीत डाळ. माणसं ताट घेऊन येत आणि वाढणारा खाली डेगेत बघून वाढी, घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसे. फोटो काढायला बंदी. नगरहून एकजण दोनशे ब्लँकेटं घेऊन आला आणि वाटतानाचा फोटो हवा म्हणाला, तेव्हा हाजीसाहेबांनी त्याला ब्लँकेटांसकट परत पाठवलं. त्या रात्री पोरं कुडकुडली असतील. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता आणि खरं सांगायचं तर आजही थोडा आहे.

दुसऱ्या महिन्यापासून मी तिथे कागदपत्रांसाठी जायला लागले. कशी, ते पुढे येईलच. आधार कार्डं वाहून गेली होती, रेशन कार्डांचा लगदा झाला होता. मी रोज दुपारी खुर्ची टाकून बसे, एकेकाला बोलवे आणि अर्ज भरून घेई. ज्या बाईची ही गोष्ट आहे ती पस्तिशीची, विधवा, दोन मुलींची आई. तिचा नवरा क्रशरवर काम करतानाच गेला त्याला दोन वर्षं झाली होती. डेगेतलं जेवण ती घेई, पण सकाळचा चहा आणि एक वेळची भाकरी स्वतः करी, मागच्या नळाजवळ तीन विटा मांडून. दीर तिथेच, भिंतीला टेकून बसलेला असे. त्याच्याकडून चहा आला तर ती परत पाठवी.

"नवरा गेला त्याच म्हैन्यात मी चूल येगळी केली, बाई," ती मला म्हणाली होती. "दिराच्या हाताखाली न्हाई ऱ्हायचं मला."

मार्गशीर्षात बातमी आली की पूरग्रस्तांना गावाच्या उंचावर घरासाठी जागा मिळणार. एका कुटुंबाला एक. हाजीसाहेब आणि मी कचेरीत गेलो. नायब तहसीलदार तरुण होत्या, समंजस होत्या. दहा कुटुंबांची रेशन कार्डं नव्याने निघाली होती, त्यांवर ओढ्याकाठचा पत्ता होता, त्यांचं काम अर्ध्या तासात झालं. अडकली ती ही बाई. तिचं नाव दिराच्या कार्डावर. कार्ड एक, कुटुंब एक, जागा एक. आणि दिराने आधीच लिहून दिलं होतं की आम्ही एकत्रच आहोत.

"पुराच्या वेळी यांचं कुटुंब वेगळं होतं हे दाखवणारा, त्याच दिवसांतला एखादा कागद आणा," नायब तहसीलदार म्हणाल्या. "आज केलेलं प्रतिज्ञापत्र मला धरता येणार नाही. पुढच्या सोमवारी यादी कायम होईल."

ती बाई कचेरीच्या पायरीवर बसली होती. तिला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "म्हंजी पुन्यांदा त्येच्याच घरात?" तिच्या थोरलीचं लग्न दिराने परस्पर ठरवत आणलं होतं हे मला माहीत होतं. पोरगी आठवीत होती. जागा दिराच्या नावावर गेली असती तर मुलींना घेऊन त्याच्या दाराबाहेर पडायचीही सत्ता बाईकडे उरली नसती.

परत येताना रिक्षातच मी हाजीसाहेबांवर कडाडले. "चार महिने माणसं जेवली, झोपली, आजारी पडली, आणि तुमच्याकडे एक ओळ लिहिलेली नाही? साधा हजेरीचा कागद नाही? कोण कुठल्या कोपऱ्यात राहतं एवढं लिहिलं असतं तरी या बाईची जागा वाचली असती!"

ते म्हणाले, "बाई, आपण ज्याला जेवू घातलं त्याचं नाव लिहून ठेवलं, तर तो उद्या बाजारात आपल्याला बघून मान खाली घालतो. माझ्या वडलांनी दुष्काळात अशा यादीत नाव देऊन सुकडी खाल्ली होती. मरेपर्यंत त्या गल्लीतून गेले नाहीत." पुढे म्हणाले, "पण चुकलो असंल मी. आता सांगा काय करायचं."

आम्ही काय नाही शोधलं! दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर फक्त रोग्याचं नाव. शाळेच्या दाखल्यावर मुलींच्या मेलेल्या बापाचं नाव. वस्तीचा पंचनामा तलाठ्याने पूर ओसरल्यावर केलेला, तेव्हा तिथे कुत्रंही नव्हतं, त्यामुळे कुटुंबांचा रकाना कोराच. गुरुवार गेला, शुक्रवार गेला.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते. तसा एक कागद होता, आणि तो माझ्या ट्रंकेत होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ही माणसं आली त्याच्या चौथ्या दिवशी मी नगरपंचायतीत त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. गल्लीतल्या बाराजणांच्या सह्या घेऊन, पण मजकूर माझा, अक्षर माझं. परसात धूर येतो, नळाला रांग लागते, पोरं रडतात, यांना इथून हलवा. मोघम तक्रारीला कुणी विचारत नाही हे मला नोकरीने शिकवलं होतं. म्हणून मी वही घेऊन शादीखान्यात गेले आणि एकेका कुटुंबाला नाव, गाव, माणसं किती, चूल कुठे, असं विचारून आले. आकडा मोठा दिसावा म्हणून या बाईला दिराच्या कुटुंबात न धरता वेगळं धरलं. दहाची अकरा कुटुंबं केली. खोटं नव्हतं, पण मी ते केलं ते वाईट बुद्धीने केलं.

त्या तक्रारीवरून ट्रस्टला नोटीस आली; तक्रार कुणाची ते तीत लिहिलेलं नव्हतं, यादीही जोडलेली नव्हती. ती घेऊन हाजीसाहेब कुणाकडे आले असतील? माझ्याकडे! गल्लीत सरकारी पत्राला उत्तर लिहिणारी मी एकटीच. नाही म्हणायची लाज वाटली आणि उत्तर लिहिण्याची खुमखुमीही होती. माझ्याच तक्रारीचे मुद्दे मी एकेक करून खोडून काढले. उत्तर तक्रारीपेक्षा सरस उतरलं, प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी हाजीसाहेबांनी अर्ज भरायला बोलावलं आणि मी गेले. तोंडाने मात्र काही बोलले नाही, तीन महिने.

शनिवारी दुपारी मी ट्रंक उघडली. पोचेची प्रत, नगरपंचायतीचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सगळं जिथल्या तिथे. ती फाडून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. हा विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हाताने आजवर एक कागद फाटला नव्हता, आणि एका पोरीच्या जिवावर माझी अब्रू राखायची म्हणजे फारच झालं. मी चप्पल घालून सरळ हाजीसाहेबांकडे गेले आणि कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तीन पानं वाचली. घडी नीट घातली. "उद्या इतवार," ते म्हणाले. "सोमवारी किती वाजता निघायचं?"

सोमवारी नायब तहसीलदारांच्या टेबलासमोर मी, हाजीसाहेब, ती बाई आणि तिचा दीर असे उभे होतो. दीर म्हणाला, "म्याडम, ती आमच्यातच हाय. खानं-पिनं सगळं एकातच हुतं." मी कागद पुढे केला. नायब तहसीलदारांनी शिक्का बघितला, तारीख बघितली आणि शेवटची नोंद मोठ्याने वाचली. "अनुक्रमांक अकरा. विधवा, सोबत दोन मुली. स्वतंत्र चूल. नळाजवळ उघड्यावर विस्तव पेटवते, त्यामुळे आगीचा धोका." मग त्यांनी वर बघून विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणाले.

दिराने भांडून बघितलं. पण पुराच्या पहिल्याच आठवड्यात, तिच्या भल्याचा विचारही नसलेल्या माणसाने लिहिलेला शिक्क्याचा कागद होता; त्याच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. यादीत अकरावं नाव चढलं. तिचं, तिच्या नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण.

व्हरांड्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "त्यात काय लिवलंय ते मला समदं वाचून दावा."

"नाव लागलं ना आता..."

"समदं वाचा."

मी वाचलं. धूर, घाण, नळ, पोरांचं रडणं. 'उपद्रवी इसम' आलं तिथे तिने म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं. तिने खाली न बघता ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "तुमी वही घिऊन आल्ता त्या दिशी मला वाटलं, सरकारी बाई हाय, आपलं कायतरी करंल. म्या च्या केल्ता तुमाला. त्याच चुलीवर. दूध शेजारनीकडून मागून आनलं हुतं."

"हो."

"तुमी पेल्या."

"प्यायले." मग मी म्हणाले, "माझं चुकलं. फार वाईट केलं मी."

"व्हय, लई वाईट केलं," ती म्हणाली. जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. मीही त्याची वाट बघितली नाही, निदान तसं मला वाटतं. तिने पदर खोचला. "आता घर हुईपतुर यायचं तुमी. जागा मोजतील तवा, पाया घालतील तवा, पत्रं टाकतील तवा. जितं कागुद लागंल तितं तुमी हुबं ऱ्हायचं. दिरानं कितीबी दंगा केला तरी."

"येईन," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात जागेची मोजणी झाली तेव्हा मी पहिल्या एस.टी.ने गेले. माळावर चुन्याच्या रेघा पडत होत्या. तिने तिच्या रेघेच्या आत तीन दगड मांडून चहा केला. मोजणीवाल्याला दिला, हाजीसाहेबांना दिला, दोन्ही मुलींना दिला. दिरालासुद्धा दिला. मला दिला नाही. मी वही उघडली आणि लांबी-रुंदी लिहून घ्यायला लागले.