इलेक्ट्रॉन काही टिकेना

पीएचडीला मला सात वर्षं लागली. त्यातलं भौतिकशास्त्र एका प्रबंधात मावलं, फजिती मात्र अजून पुरतेय!

नव्वदच्या दशकात मी मीरा रोडहून मुंबईतल्या लॅबमध्ये जायचो. विषय होता सेमीकंडक्टरमधले क्वांटम डॉट. म्हणजे इतका बारीक ठिपका, की त्यात कोंडलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन अवस्थांत राहू शकतो. आजूबाजूचा जरासा धक्का लागला, की संपलं! हे किती वेळ टिकतं, ते मी मोजत होतो.

*

आमच्या सिल्व्हर पार्क वसाहतीतल्या शेजारच्या शाहबेनना मी ऐटीत सांगितलं, "मैं डॉट पे काम करता हूँ."

त्या हळहळल्या. "इतना पढ़के बिंदी बनाता है?"

*

मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांना सगळं समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "किती वेळ टिकतं म्हणालात?"

"सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी."

"आणि नोकरी?"

*

मागवलेला डॉटचा नमुना परदेशातून वर्षभरानं आला, तांदळाच्या दाण्याएवढा. मी डबी उघडली आणि शिंकलो!

आमचे गाइड करंदीकर सर, भाईंदरजवळच्या राई गावाहून येणारे टेक्निशियन पाटील आणि मी, तिघंही जमिनीवर रांगत शोधायला लागलो. तेवढ्यात विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आत आले. जरा थांबून म्हणाले, "हे आमचे संशोधक."

नमुना सरांच्या चपलेला चिकटलेला सापडला.

*

एकदा मोजमापात सुंदर लाटा दिसल्या. नवा शोध! मी सरांना घरून बोलावलं. सरांनी तिथंच पेपरचं शीर्षक ठरवलं.

पाटील मागून म्हणाले, "सायेब, त्यो पंप चालू हाय. टेबल थरथरतंय!"

*

शेवटी प्रबंधाची तोंडी परीक्षा. भाषणाची तालीम मी महिनाभर आईसमोर केली होती, म्हणून तीही आली. पहिल्या रांगेत बसली. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी सौजन्य म्हणून सभागृहाला विचारलं, "कुणाला काही शंका?"

आईनं हात वर केला!

"ते दोन्हीकडे असणं मोडतं, ते हा मोजायला जातो म्हणून मोडतं, की आधीच मोडलेलं असतं?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मी हेच विचारणार होतो. सांगा."

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

आईलाच माझी दया आली. "राहू दे रे. घरी गेल्यावर सांग."