बी उगवत नाही? मागच्या खोलीत या

आमच्या खोलीत न उगवलेलं बी येतं. त्याच्याबरोबर ते का उगवलं नाही याची कारणंही येतात. बी चिमूटभर असतं, कारणं पोतंभर. बियाचा निकाल लागला की ते जातं. कारणं कुठे जाणार? ती साठतात. मग चार मित्र जमले, चहा आला, की मी त्यातलं एखादं काढते आणि गाडी सुटते.

खोली कुठली ते आधी सांगते. नेदरलँड्सला बियाण्यांचं शिक्षण घेऊन मी जुन्नर तालुक्यात परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. बी उगवलं नाही तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, आणि गेलेला हंगाम कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून पेरण्याआधी बी तपासून द्यायचं, तेही फुकट. आधी कॉलेजच्या रस्त्यावर गाळा घेतला. तिथे झेरॉक्स कुठे मिळेल एवढंच विचारायला लोक यायचे. बी जिथे विकलं जातं तिथेच बसायला हवं हे कळल्यावर मी मोहनशेटांकडे गेले.

मोहनशेट म्हणजे आमच्या बाजारगावातले खत-बियाण्यांचे जुने दुकानदार. घराणं मूळचं मारवाडातलं, पण गेल्या किती पिढ्या इथेच. कांद्याचं बी त्यांच्याइतकं कोणी विकत नाही, आणि कांदा त्यांनी आयुष्यात खाल्लेला नाही. गावाचं नाव मी सांगत नाही. ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं कुठलंही समजा. का ते शेवटी कळेल.

शेटजींनी दुकानामागची खोली दिली आणि एकच अट घातली. "पोरी, तू काय वाटेल ते उगव. पण लायसन्सचं दुकान आहे. तुझ्यापायी दारात पोलीस आला, तर त्याच दिवशी खोली रिकामी."

मी हसले. बियांच्या खोलीत पोलीस कशाला येईल?

*

पहिलं गिऱ्हाईक आळ्याचे किसनभाऊ. गिऱ्हाईक कसलं, भांडण. कांद्याच्या बियाची रिकामी पिशवी काउंटरवर आपटून ते उभे राहिले. "शेट, रोपाचा सगळा वाफा बसला. एक काडी वर आली न्हाई. बी भाजून इकता का काय?"

दुकानात गर्दी. शेटजींचा चेहरा पडला. मी पिशवीच्या तळाशी अडकलेलं बी गोळा केलं, ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं. ते झकास उगवलं. मग किसनभाऊंना वाफ्यातली माती आणायला सांगितली. तिच्यात मेथी टाकली. मेथी वर आली, पिवळी पडली आणि मान टाकून मेली.

"भाऊ, वाफ्यात तणनाशक मारलंय का?"

"छ्या. ते बांधावर मारलं व्हतं."

"पंप तोच?"

"तोच. पण धुतला व्हता की. चांगला तीन-चार पाण्यानं."

"कुठे धुतला?"

"वाफ्यातच. पाणी वाया कशाला घालवायचं?"

शेटजींनी त्या दिवशी मला स्वतः चहा आणून दिला.

*

मग एक मावशी आल्या, आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातून. पदराच्या गाठीत घरच्या वालाचं बी. सासूच्या सासूपासून चालत आलेलं. "पोरी, दरसाली उगवायचं. यंदा रुसलंय."

दाणा बघितला. टपोरा, कीड नाही, भोक नाही. फक्त लिंबाचा वास येत होता.

"मावशी, याला काय लावलंय?"

"दरसाली राख लावायची. यंदा गॅस आला, चूल गेली, राख कुठली? म्हणून पावडर लावली."

"कसली पावडर?"

"भांड्याची."

मी दाणा पुन्हा हुंगला. मावशींनाच माझी दया आली. समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आगं, राखंनं भांडी घासायचो, तीच राख दाण्याला. आता भांड्याला पावडर आली, मग दाण्याला नगं का?"

वाल मी धुऊन घेतला, त्यातला थोडा वाचला. मावशी खूश होऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पर कीड लागली नाय हां. पावडर चांगली हाय."

*

आता माजींबद्दल सांगायला हवं. माजी म्हणजे शेटजींच्या आई. पांढरं लुगडं, हातात माळ, कांदा-बटाटा तर सोडाच, मोड आलेली मटकीही चालत नाही. मोडात जीव असतो.

आणि माझं काम काय? बियाला मोड आणायचे, मोजायचे, बादलीत फेकायचे.

चातुर्मासात एक दिवस माजी मागच्या खोलीत डोकावल्या. मी हिशेब लागलेले मोड बादलीत झटकत होते. त्या दारातच थांबल्या.

"हे काय करतेस?"

"तपासणी झाली माजी. आता याचा उपयोग नाही."

"म्हणजे तू यांना जन्माला घालतेस, आणि आले का आले का बघून मारतेस?"

माझ्या प्राध्यापकांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

शेटजी मध्ये पडले. "माजी, ते शास्त्र आहे."

"असू दे शास्त्र. या घरात उगवलं त्याला माती मिळेल. नाहीतर शास्त्र दुसरीकडे."

तेव्हापासून नियम झाला. तपासून झालेला प्रत्येक मोड मागच्या अंगणात लावायचा. उपटायचं काही नाही.

*

श्रावण संपेपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. कांद्यात झेंडू, झेंडूत गवार, गवारीत कोणाचं तरी कलिंगड. दोडक्याचा एक वेल शेटजींच्या स्कूटरवर चढला, हँडलला दोन वेढे घालून आरशापर्यंत गेला. वेल तोडायची सोय नव्हती. शेटजी बँकेत पायी जायला लागले.

"शेट, स्कूटर इकली का?" लोक विचारायचे.

"फुलोऱ्यात आहे," शेटजी सांगायचे.

मंचरहून एक प्रगतशील शेतकरी खास ते अंगण बघायला आले. मोबाइलवर फोटो काढले, वाकून माती हुंगली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ही नैसर्गिक शेती का?"

"नाही," मी म्हणाले, "धार्मिक."

*

तुषार आळेफाट्याजवळच्या जिमला जाणारा. दंड एवढे, की शर्टाच्या बाह्या नेहमी संकटात. एक महागडं पाकीट घेऊन आला. पाकिटावर हिरवं पान आणि खाली प्रोटीनची जाहिरात.

"ताई, हेंप हाय. भांगेच्या जातीचं बी. ऑनलाइन मागवलं. लई जोरात असतंय म्हनं. दोनदा ट्रेत टाकलं, कोकोपीट आणलं, रात्रीचा बल्ब लावला. एक उगवंना."

मी पाकीट फोडलं. आत पांढरे मऊ दाणे. साल काढलेले.

"तुषार, तुमच्याकडे भात पिकतो?"

"मामाकडं पिकतो."

"मामा पेरताना काय टाकतात? साळ की तांदूळ?"

"साळ. तांदूळ कसा उगवंल?" बोलता बोलता तो थांबला. पाकिटाकडे बघितलं. "म्हंजी हे तांदूळ हाय."

"हो. खायला दिलंय, खा. बल्ब लावला काय आणि ट्यूब लावली काय, हे उगवणार नाही. आणि सालीसकट आणून उगवलंस तर आधी पोलीस येतील, पाऊस नंतर."

"सरकार इकू देतं अन् उगवू देत न्हाई?"

"हो."

त्याने पाकीट मिटलं. "पर ताई, मी हे खायला आणलंच नव्हतं. एकराचा प्लॅन व्हता. शेजाऱ्याला सांगून बी बसलोय."

"मग शेजाऱ्याला काय सांगणार?"

"सांगतो, दुष्काळी जात निघाली."

*

आणि आता हवालदारांचा किस्सा.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळीच मागच्या फाटकातून हवालदारसाहेब आत आले. साध्या कपड्यात, बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. शेटजींनी दुकानातून बघितलं आणि हातातलं माप खाली ठेवून धावत आले.

हवालदारांनी आवाज खाली आणला. "ताई, उगवत न्हाई ते तुमी उगवून देता म्हनं."

"प्रयत्न करते."

"मला उलटं पायजे."

गोणपाट सोडलं. आत कुंडी, कुंडीत वीतभर झाड, पानं उघड्या पंजासारखी. भांगेचं झाड; शेटजींना नाव सांगायची गरज पडली नाही. त्यांनी भिंत धरली.

"आमच्या मंडळींनी लव्ह बर्ड पाळलेत," हवालदार सांगू लागले. "खाद्याचा कायतरी मिक्स दाणा येतो. पाखरं सांडतात, खाली तुळशीची कुंडी. तुळस गेली, हे आलं. मंडळींना वाटलं नवी तुळस. रोज पाणी घालत्यात. परवा हळदकुंकू वाहिलं."

"मग उपटायचं होतं."

"उपटून कुठं टाकू? पोलीस लाइनीत नवीन फौजदारसाहेब शेजारी राहायला आलेत. अन् ताई, ज्याच्या दारात असलं झाड सापडतं तो प्रत्येक जण म्हणतो, साहेब, आपोआप उगवलं. आजवर मी एकाचं बी खरं धरलेलं न्हाई."

पुढचा सल्ला सोपा होता. दाणा तव्यावर भाजून पाखरांना घाला, मग सांडला तरी उगवणार नाही. राहिलं हे झाड. ते ठेवायला कायद्याची परवानगी नाही, उपटायला क्षणही लागणार नाही. मी हात पुढे केला.

"उगवलंय ना?" मागून माजींचा आवाज आला.

मी हात मागे घेतला.

"माजी, हे वेगळं आहे," शेटजी काकुळतीला आले. "लायसन्स जाईल."

"लायसन्सला जीव आहे का?"

हवालदार मला म्हणाले, "माझा तर जाईल." ते माजींना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

माजींनी कुंडी उचलली. दुकानातून सरळ पुढे गेल्या, पायरी उतरल्या. तिथे रोज सकाळी एक पांढरी गाय उभी असते, माजींच्या हातच्या पोळीसाठी. माजींनी पोळी दिली. मग कुंडी तिच्यापुढे ठेवली आणि दोन पावलं मागे झाल्या.

"मी तोडलं नाही, उपटलं नाही. खायचं की नाही ते तिचं ती बघेल."

गायीने बघितलं. खाल्लं. बुंध्यापर्यंत खाल्लं आणि कुंडीही चाटली. हवालदारांनी माजींना वाकून नमस्कार केला, रिकामी कुंडी गोणपाटात गुंडाळली आणि गेले.

दुपारी गाय एसटी स्टँडच्या गेटात बसली.

स्टँड दुकानाच्या समोरच. कल्याण गाडी बाहेर निघत होती, ती थांबली. मागे जुन्नर, त्याच्या मागे आणखी दोन. ड्रायव्हरने हॉर्न दिला. गायीने मान वळवून गाडीकडे इतक्या मायेने बघितलं, की ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. कंडक्टरने शेपूट पिरगाळलं. गाय हलली नाही. एक जण म्हणाला, "झपाटली का काय?" दुसरा म्हणाला, "राव, हिला काय टेन्शनच न्हाई."

मग हवालदार आले, आता वर्दीत. गायीला बघितलं, आमच्या दुकानाकडे बघितलं आणि पाठ फिरवून, हलूच न शकणाऱ्या गाड्यांना जोरजोरात शिट्ट्या मारायला लागले.

शेवटी नवे फौजदारसाहेब स्वतः आले. "कुणाची गाय?"

गर्दीतून उत्तर आलं, "कुणाची न्हाई साहेब. शेटजींच्या दारात खाती."

साहेब रस्ता ओलांडून दुकानात आले. शेटजींनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. मला माझ्या सगळ्या डब्या एका खोक्यात बसतील का, असा विचार आला.

"शेटजी, काय घातलंत गायीला?"

शेटजी आईसमोर खोटं बोलत नाहीत. आणि आई बाजूच्या खुर्चीत माळ ओढत बसली होती. "हिरवा पाला, साहेब," ते म्हणाले.

"कुठला?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण माळ थांबवून माजीच बोलल्या.

"तुमच्या पोलीस लाइनीतला. हवालदारांनी सकाळी स्वतः आणून दिला. भला माणूस आहे."

रस्त्यावरची शिट्टी बंद पडली.

साहेबांनी वळून हवालदारांकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा निवळला.

"हे माहीत नव्हतं," ते मोठ्याने म्हणाले. "चांगलं आहे हवालदार. रोज देत जा."

"व्हय साहेब," हवालदार म्हणाले.

साहेब गेले. मी आत जाऊन खोकं शोधायला लागले. शेटजी दारात येऊन उभे राहिले.

"काय करतेस?"

"तुमची अट होती. दारात पोलीस आला."

"तो गायीसाठी आला होता," ते म्हणाले. "तुझ्यासाठी येईल तेव्हा बघू."