तोंडातल्या टाचण्या

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पासष्टी उलटली तरी एका जागी स्वस्थ बूड टेकायचं म्हटलं की हिच्या अंगावर काटा. पोटापाण्याला शाळेचे शर्ट शिवायची. शिवता शिवता उतू जाणाऱ्या दुधाशी बोलायची, मांजराशी भांडायची आणि माणसांशी बोलायची ती त्यांच्याकडे पाठ करून.

पण चार वर्षांच्या नातीला ऐकूच येत नव्हतं. तिच्याशी पाठीने काय बोलणार, कपाळ!

लेक इस्पितळात कामाला. सकाळी गेली की संध्याकाळीच यायची. एके दिवशी तिने वसतिगृहाच्या शाळेचा कागदच आणला. "आई, पोर खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाईंकडे तासभर जाते तेवढंच. बाकी दिवसभर तिच्याशी बोलायला कोण आहे? तिथे हातांनी बोलणारी माणसं तरी असतील."

"मग मला काय हात नाहीत?"

"आहेत गं. पण रिकामे कधी असतात?"

कागद महिनाअखेरीला द्यायचा होता. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीही बाईंकडे जायला लागली. पाणी, भूक, दुखतंय, ये, बस. बोटं सुईवर तयार झालेली, आठवड्यात चाळीस शब्द उचलले. पण सगळे पळत. बाई म्हणायच्या, "आजी, दमानं घ्या, गाडी सुटतेय का तुमची?"

घरी मात्र गाडं अडलं. 'भूक लागली?' असं हातांनी विचारलं की नात भोकाड पसरायची. 'पाणी हवं?' म्हटलं की पलंगाखाली पळायची. कागद द्यायला दोन दिवस उरले, तशी भिंगरी बाईंवरच घसरली, "तुम्ही शिकवलंत तस्संच तर करते!"

"घरी कसं करता ते दाखवा बघू."

तिने पिशवीतल्या टाचण्या काढून ओठांत धरल्या आणि हात हलवले. बाई हसून बेजार. "अहो, प्रश्न भुवयांत असतो! असे ओठ आवळून विचारलंत, तर पोरीला वाटणार, खाण्याचं नाव काढलं की आजी खवळते."

चाळीस वर्षं ते तोंड म्हणजे तिचा तिसरा हात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्टांचा ढीग उपसताना टाचण्या पुन्हा कधी ओठांत गेल्या, तिलाही कळलं नाही. अचानक मशीनचं चाक अडलं. नातीने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. भिंगरी ओरडणार, तर तोंड भरलेलं, आणि ओरडून उपयोग काय? तिने टाचण्या मशीनवरच्या त्यांच्या छोट्या उशीत टोचल्या, स्टूल वळवलं, भुवया पार केसांपर्यंत नेल्या. 'भूक लागली?'

पोरीने बराच वेळ तोंड न्याहाळलं. मान हलवली, नाही. मग इवल्या हाताने सांगितलं, 'बस.'

बसलेलीच तर आहे, भिंगरीला वाटलं. मग लक्षात आलं, पाय अजून मशीनच्या पायट्यावर होता. तिने तो काढला आणि खाली फरशीवर बसली.

संध्याकाळी लेक आली, तर दोघींचे हात चाललेले आणि शर्ट तसेच पडलेले.

"आई, बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय? थांब, पोरीचं बोलणं संपू दे."

लेकीने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. "पुढचा महिना बघू. पण तोंडात टाचणी दिसली की..."

"दिसणारच! शर्ट काय तू शिवणार? बोलताना नाही धरणार, एवढंच."

आता दिवसातून दहा वेळा चाक अडतं. भिंगरी चडफडते, टाचण्या काढते, वळते. पाय मात्र खाली जमिनीवर मशीन मारतच असतो.