लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना

म्हात्रे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोर्ली पंचतनच्या बाजारात सुक्या बोंबलांसाठी घासाघीस करत होते. फोन सलमाचा होता, मुरुडहून. "सर गेले गं. आज सकाळी साडेसातला, झोपेतच," एवढंच ती बोलली. बोंबील तिथेच राहिले... आता महिना होत आला. रडायचं ते रडून झालं. सरांची गोष्ट मुळात जिंकल्याची आहे आणि ती मुळूमुळू रडत सांगितलेली त्यांना अजिबात खपली नसती.

सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. घरची मिठागरं, त्यामुळे पुस्तकाआधी चिखल पाहिलेला माणूस. संशोधन प्रकल्पासाठी ते दोन वेगळ्या विषयांची मुलं एकत्र आणायचे आणि दोघांना एकच प्रश्न द्यायचे. रसायनशास्त्रवाला आणि इतिहासवाली मिळून मिठावर, वनस्पतिशास्त्रवाली आणि कॉमर्सवाला मिळून नारळावर. स्टाफरूममध्ये याला 'म्हात्र्यांचं वधूवर सूचक मंडळ' म्हणत. सर स्वतःच हसायचे आणि पुढची जोडी लावायचे. त्यांच्याकडे एक लांबलचक रजिस्टर होतं. प्रत्येक पानाच्या मधोमध लाल रेघ, डावीकडे एकाची निरीक्षणं, उजवीकडे दुसऱ्याची. महिनाभर एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. महिनाअखेरीला सगळं रजिस्टरात उतरवायचं आणि मग काय भांडायचं ते भांडायचं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मराठीची. सलमा भौतिकशास्त्राची. आमचा प्रश्न होता, भरती कधी येते? सलमाने जेटीच्या खांबावर रंगाने खुणा करायच्या आणि पाणी कधी पूर्ण चढतं ते घड्याळ लावून टिपायचं. मी माझ्या आईला रोज विचारायचं आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं. आम्ही कोळी. आईचा सगळा जन्म होड्यांची वाट बघण्यात आणि मासळी विकण्यात गेलेला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. याच हिशोबाला विद्यापीठाच्या स्पर्धेत मान मिळवून द्यायचा, असा चंग मी बांधला होता. वर्गात कुणी माझ्या डब्याला नाक मुरडलं होतं, तेही मला फेडायचं होतं.

महिना संपला, रजिस्टर भरलं आणि माझं तोंड उतरलं. उधाणाच्या दिवसांत दोन्ही बाजू छान जुळत होत्या. पण भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाण्याचा जोर कमी असतो तेव्हा, आईची बाजू सपशेल चुकत होती. मला भर वर्गात रडू आलं. आईला मोठं करायला निघाले होते आणि चार शहाण्या लोकांसमोर तिला खोटं पाडायची वेळ माझ्यावरच आली होती.

सरांनी पानावरून बोट फिरवलं. "हे आईनं सांगितलं?"

"सर, आमच्या घरात सगळ्यांनाच येतं हे."

"ते नाही विचारलं मी. तू आईला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. एक दिवससुद्धा नाही! कालनिर्णय समोर ठेवून, चहा पिता पिता, मीच पाऊणपटी करून रकाना भरला होता. घरातली गोष्ट घरातल्याला काय विचारायची, असा माझा तोरा. परक्या पोरीने असली चूक केलीच नसती. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी फक्त अदलाबदल केली. पुढचा महिनाभर मी जेटीवर आणि सलमा आमच्या ओट्यावर.

त्या महिन्यात सलमाने आईचं डोकं खाल्लं. आणि आई तिला जे सांगत होती ते मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "पाऊणपट हाय ती पोरांना शिकवायला. भांगाचं पानी हिशोबाला बसत न्हाय. काल कुठवर आल्तं ते बघायचं, वारा कंचा हाय ते बघायचं, मंग बोलायचं." महिनाअखेरीला सरांनी रजिस्टर उघडलं. लाल रेघेच्या दोन्ही बाजू भांगातसुद्धा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळत होत्या. चुकली होती ती मी, आई नव्हे. सलमाने मला मिठीच मारली. सर म्हणाले, "आता तिसरं नाव घाला. आईचं."

स्पर्धेला आम्ही चौघं मांडव्याहून लाँचने गेलो. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातातली पिशवी घट्ट धरून. हॉलमध्ये पहिलीच शंका निघाली की हा प्रकल्प विज्ञानात घ्यायचा की भाषेत? सर शांतपणे म्हणाले, "मधे एक खुर्ची टाका, आम्ही तिथे बसतो." मग एका परीक्षकाने आईलाच विचारलं, "मावशी, पुढच्या अष्टमीला भरती किती वाजता?"

माझा जीव टांगणीला. सहा म्हण, आई, काहीतरी म्हण!

आई म्हणाली, "आताच कसा सांगू? हिशोबानं सहा. पर अष्टमीचं पानी हिशोबाचं ऐकत न्हाय. आदल्या दिशी बघीन, मंग सांगीन."

परीक्षकांनी चष्मा काढला. "बघितल्याशिवाय सांगणार नाही," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आज दिवसभरात असं म्हणणाऱ्या या पहिल्या." टाळ्या सुरू झाल्या. पहिलं बक्षीस आमचं! ढाल आईच्या हातात होती आणि सर मागच्या रांगेत उभं राहून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. परतीच्या लाँचवर आईने ती ढाल पदराखाली झाकून आणली, खारा वारा लागू नये म्हणून. इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

आज मी शिकवते, सलमाही शिकवते. आमच्याही पोरांच्या जोड्या लागतात आणि वधूवर सूचक मंडळ जोरात चालू आहे. सरांच्या तेराव्यानंतर म्हात्रे काकूंनी ते रजिस्टर माझ्या हातात दिलं. शेवटची पाच-सहा पानं कोरी आहेत, पण लाल रेघा मारून ठेवलेल्या. ते घेऊन मी आईकडे गेले. आई आता थकली आहे, तरी सकाळी जेटीवर एक फेरी असतेच. "मास्तर किती वाजता गेले?" तिने विचारलं.

"साडेसातला."

"पानी कसं होतं तवा?"

सवयीने माझा अंगठा बोटांच्या पेरांवर गेला. त्या दिवसाची तिथी कोणती, तिची पाऊणपट किती... आणि मी थांबले. "तूच सांग, आई."

"त्या दिशी बघितलंय मी," आई म्हणाली. "भरत होतं."

मी रजिस्टराचं पहिलं कोरं पान उघडलं. लाल रेघेच्या डावीकडे सलमाने सांगितलेली वेळ लिहिली. उजवीकडे आईचे शब्द, तिने सांगितले तसेच.