तीन खिडक्या आणि मागचे दार

शनिवार, १८ नोव्हेंबर २००६. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. स्थळ – रेडमंड, वॉशिंग्टन. माझ्या मुलाच्या घराचे स्वयंपाकघर. ओव्हनवरील घड्याळ मी स्वतः पाहिले. वेळ पाहण्याची सवय नोकरीतली आहे.

मी चौतीस वर्षे बॉयलर इन्स्पेक्टर होतो. भुते, संकेत, साक्षात्कार यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही लिहितो आहे, कारण मुलाचा मित्र मिलिंद याने गेल्या आठवड्यात याच फोरमवर हा प्रसंग ‘एका आजोबांचा चमत्कार’ म्हणून लिहिला. त्यात त्याने मला ध्यानाला बसवले, समोर समई लावली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आणले. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी चहा पीत होतो. मजकूर मी कागदावर लिहिला आहे, सून टाइप करते. एकही शब्द बदलायचा नाही, असे तिला बजावले आहे.

माझी नात रेवती. जन्म इथलाच. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने इथली इंजिनिअरिंगची जागा सोडली आणि जपानमध्ये, जिथे सर्व विषय जपानी भाषेत शिकवतात अशा विद्यापीठात प्रवेश घेतला. खर्चाचा भार घरावर नको म्हणून जेवणाचे डबे बनवणाऱ्या एका लहानशा दुकानात पार्ट टाइम काम धरले. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते. शनिवारी-रविवारी सकाळी एकटीने दुकान उघडायचे, गॅसच्या मोठ्या शेगड्यांवर भात लावायचा, आणि मालक नऊला येईपर्यंत तो तयार ठेवायचा, हे तिचे काम.

मला हे मान्य नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस फोनवर मी तिला म्हणालो, “भातच रांधायचा होता तर समुद्र कशाला ओलांडलास?” ती म्हणाली, “आजोबा, इट्स ऑनेस्ट वर्क.” मी फोन ठेवला. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही.

आता त्या शनिवारचे.

बाहेर पाऊस होता, सगळ्या खिडक्या बंद. टेबलाशी मुलगा श्रीकांत, सून सुनीता, मिलिंद आणि मी. मिलिंद त्याच्या मॅनेजरची नक्कल करत होता. मी कप खाली ठेवला आणि उठलो. का उठलो, हे मला ठाऊक नव्हते. छाती जड नव्हती, चक्कर नव्हती, कसला आवाज नाही, कसला भास नाही. मी सिंकवरची खिडकी उघडली. मग जेवणाच्या टेबलामागची. मग सोफ्यामागची... ती कित्येक महिन्यांत उघडलेली नव्हती, घट्ट बसली होती. खांदा लावून सरकवली. शेवटी मागचे दार सताड उघडले.

“बाबा, काय करताय?” श्रीकांत ओरडला.

“काका, हीटिंग ऑन आहे यार!” मिलिंद म्हणाला, आणि लगेच, “सॉरी काका. म्हणजे... हीटिंग ऑन आहे.”

सुनीता दार लावायला आली. मी तिचा हात धरला. आजवर सुनेचा हात मी असा कधी धरला नव्हता. “लावू नकोस,” म्हणालो. “हवा येऊ दे.”

“बाबा, कार्पेट भिजतंय!”

“भिजू दे.”

दहा-बारा मिनिटे मी दार अडवून उभा होतो. मग ते गेले... जे काही होते ते. मला माझीच लाज वाटली आणि राग आला. जन्मभर कारण असल्याशिवाय मी एक व्हॉल्व्हही फिरवला नव्हता. काही बिघाड असेल म्हणून गॅरेजमधील, घर तापवणारी गॅसची फर्नेस उघडून तपासली. ज्योत निळी, धुराचा मार्ग मोकळा, भिंतीवरचा वायूचा अलार्म शांत आणि चालू. स्वयंपाकाची शेगडी तर विजेचीच. घरात कसलाही दोष नव्हता. “अमेरिकेत दार उघडं ठेवणारे तुम्ही पहिलेच, काका,” असे म्हणून मिलिंद हसला.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. श्रीकांतने स्पीकर लावला.

“डॅड, आय ॲम ओके. आधी हे ऐक, आय ॲम ओके. हॉस्पिटलमध्ये आहे. ऑक्सिजन लावलाय.”

घडले ते असे. रविवार सकाळ, तिथले घड्याळ आपल्यापेक्षा सतरा तास पुढे असते. साडेसातला तिने तिन्ही शेगड्या पेटवल्या. वरचा, हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा बंद. थंडी म्हणून खिडक्याही बंद. तासाभरात डोके दुखू लागले, पाय गळाले. ती तांदळाच्या पोत्यावर टेकली. त्यानंतरचे तिला काही आठवत नाही. भान आले तेव्हा ती मागच्या गल्लीत जमिनीवर बसून ओकत होती. शेजारच्या आजीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

“आजीच म्हणाली,” रेवती सांगत होती, “तीन वेळा धाड् आवाज आला. विंडोज. मग डोअर. ती झोपेतून दचकून उठली आणि क्लॉक बघितलं. एट फॉर्टी. मग तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.”

आठ चाळीस. म्हणजे आमचे तीन चाळीस. सुनीताने माझ्याकडे पाहिले आणि पदर नसल्याने तोंडाला ओढणी लावली.

“काका...” मिलिंद कुजबुजला. “टेलिपथी! तुम्ही वाचवलंत तिला. बघा, अंगावर काटा आलाय.”

“आपण सत्यनारायण करू,” सुनीता म्हणाली.

माझा संताप तेव्हा अनावर झाला. एका वीस वर्षांच्या मुलीला बंद खोलीत तीन शेगड्यांपुढे एकटे उभे करतात, तिचा जीव जायची वेळ येते, आणि यांच्या अंगावर काटा येतो, यांना पूजा सुचते. बॉयलर फुटलेल्या गिरण्यांत मी हेच पाहिले आहे. जो वाचला त्याच्या नशिबाचे कौतुक सगळे करतात. दोष कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

रेवतीपुरते स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने स्मृती जाते. खिडक्या तिनेच उघडल्या असणार आणि विसरली असणार. दुकानाची तिसरी खिडकी रंगाने चिकटलेली होती, मालकाला ती कधी उघडता आली नव्हती. मरणाच्या भीतीने अंगात बळ येते, असे मी धरून चालतो. ते तिचे झाले. मी का उठलो, याचे उत्तर माझ्याकडे नाही. दोन महिने झाले, अजून नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते मला पाठवू नये. मिलिंदने पुष्कळ पाठवली आहेत.

मी फोन हातात घेतला. “मालक आहेत तिथे?”

“आहेत, आजोबा. दोन तास उभेच आहेत.”

“त्यांना विचार. पंखा बंद ठेवायचा हुकूम कोणी दिला?”

“आजोबा, इथे असं डायरेक्ट नाही बोलत.”

“मी बोलतो. तू फक्त सांग. शब्द मऊ करायचे नाहीत.”

ती बोलली. माझे वाक्य छोटे होते, तिचे बरेच लांबले. मग एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, पुन्हा पुन्हा तेच शब्द.

“ही इज बाउइंग, आजोबा. वाकून सॉरी म्हणताहेत. फोनपुढे.”

“वाकल्याने पंखा फिरत नाही. उत्तर विचार.”

रेवती म्हणाली, “त्यांना नका ओरडू. फॅन मी बंद ठेवला.”

“तू?”

“त्या शेजारच्या आजी एकदा केक घेऊन आल्या होत्या. काही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, तुम्ही किती लवकर उठता. इथे त्याचा अर्थ असतो, आवाज होतो. मग रविवारी मी फॅन नाही लावायचे, नऊपर्यंत. मालकांना माहीत नव्हतं. तुम्हीच म्हणता ना, आपल्यामुळे शेजाऱ्यांना त्रास नको.”

हे वाक्य या घरात माझेच आहे. तिने लहानपणापासून ते ऐकले आहे. खोटे कशाला लिहू? जिना चढताना पाय वाजला तरी मी तिला रागावलो आहे.

राग होता तिथेच राहिला. फक्त तो आता मालकावर काढता येत नव्हता.

“काम सोडणार आहेस?” मी विचारले.

“तुम्ही सांगाल तर.”

“सोडू नकोस,” म्हणालो. “कागद घे.”

मी सांगत गेलो, ती जपानीत लिहीत गेली. पंखा आधी, गॅस नंतर. पंखा बंद पडला तर गॅस बंद. एक खिडकी कायम उघडी. खोलीत एकट्याने शेगडी पेटवायची नाही. कागद पंख्याच्या बटणाशेजारी लावायचा, मालकाच्या सहीने.

“वाच,” म्हणालो.

तिने वाचून दाखवले. मला त्यातला एकही शब्द कळला नाही.

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचले, सावकाश. मी माझी मराठी प्रत काढली, तिच्यावर तारीख आणि सात वाजून पाच मिनिटे ही वेळ घातली, आणि खाली सही केली.